आजोबांचा धंदा कोणत्या रकान्यात शोधायचा?

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही बौद्ध घरात मुलाचा बारावीचा निकाल लागला की पेढ्यांच्या पाठोपाठ जुन्या कागदांचा शोध सुरू होतो. पत्र्याच्या पेट्या उघडल्या जातात, माळ्यावरची गाठोडी खाली येतात, मामाला-चुलत्याला फोन जातात. वडिलांचा दाखला असतो. आजोबांचा असला तर असतो. पणजोबांचा कुठून आणायचा? पडताळणी समितीला पुरावा हवा तो १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे आपले परभणी म्हणजे निजामाचे परभणी. दप्तर उर्दूत, वर्ष फसली, आणि नाव असे की ज्याला आडनावच नाही.

जात पडताळणीच्या कायद्याबद्दल (२००१ चा महाराष्ट्र अधिनियम २३) आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. बोगस दाखल्यांना आळा बसला पाहिजे, याबद्दल चळवळीत कधी दुमत नव्हते. आपल्याच जागा चोरीला जात होत्या. पण त्याच कायद्याच्या आठव्या कलमाने पुराव्याचा सगळा भार अर्जदारावर टाकला. ज्या समाजाला शतकानुशतके कागदापासून दूर ठेवले, त्याच्याकडेच कागद मागायचा, आणि तो कागद ठेवला आहे सरकारच्याच कपाटात! या उलट्या न्यायाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

आज मला त्यातल्या एका वेगळ्या गोष्टीविषयी लिहायचे आहे. या शोधात जात सापडते. माणूस सापडत नाही. तो काय काम करीत होता, कोणती कला त्याच्या हातात होती, किती वर्षे तो कुठे राबला, हे सापडत नाही. आणि ते शोधावे असे आपल्यालाही वाटत नाही, कारण 'जात : महार' एवढा शब्द मिळाला की नकल घेऊन आपण एस.टी. पकडतो.

निजामाच्या अमलातल्या कचेरीच्या कागदावर माणसाची ओळख एका ठरावीक साच्यात लिहिलेली असते. अमुक वल्द तमुक, कौम अमुक, उम्र इतकी, पेशा अमुक, साकीन अमुक गाव. म्हणजे अमक्याचा मुलगा, जात, वय, धंदा, राहणार. जुनी खरेदीखते, जबान्या, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. या साच्यात 'कौम' आणि 'पेशा' हे दोन वेगळे रकाने आहेत हे लक्षात घ्या. ज्याने हा साचा बनवला त्याला जात आणि धंदा या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे कळत होते. आपल्या गावगाड्याला ते कळत नव्हते. गावगाड्याच्या लेखी आमची जात हाच आमचा धंदा होता. म्हणून लिहिणाऱ्याने 'कौम' नीट लिहिली आणि 'पेशा'पुढे बहुधा एकच शब्द टाकला : मजदूरी. विहिरीचा दगड घडवणारा मजूर, मोटेचा नाडा वळणारा मातंग मजूर, जाडेभरडे विणणारा मजूर, मृत जनावराच्या कातड्यातून मोट शिवणाराही मजूरच. सत्तर-ऐंशी वर्षे उलटली, राज्य बदलले, भाषा बदलली. आजही पोलीस ठाण्यात जबाब द्यायला आपला माणूस बसला की लिहिणारा हवालदार न विचारता लिहितो, 'धंदा – मजुरी'.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे सांगितले. ते किती खरे आहे हे पाहायचे असेल तर तहसीलचे जुने दप्तर उघडावे. तिथे श्रमाची नोंदच नाही, फक्त श्रमिकांची वर्गवारी आहे.

आता माझ्या घरचे उदाहरण देतो, ते केवळ आमचे आहे म्हणून नव्हे. पूर्णा, परभणी, मानवत, सेलू या रेल्वेच्या पट्ट्यातल्या शेकडो घरांचे ते आहे.

हैदराबाद-गोदावरी व्हॅली ही मीटरगेज लाइन मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत १९०० च्या आसपास सुरू झाली. तिच्यावरचे पूर्णा पुढे हिंगोलीकडचा फाटा फुटल्याने जंक्शन झाले. लोको शेड आली, रेल्वेची वसाहत आली. आसपासच्या खेड्यांतली आपली तरणी पोरे येसकरकी, सांगावे, मेलेली ढोरे ओढणे हे सगळे सोडून तिथे गेली. बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत जे सांगितले, ते गंगाखेड-पालमच्या बाजूच्या खेड्यात किती लवकर पोहोचले असेल याचा हिशेब मला मांडता येत नाही. पण इंजिनाची शिटी पोहोचली होती. रेल्वेत पगार रोख मिळतो, दर महिन्याला मिळतो आणि कोणाच्या ओट्याखाली उभे राहून मागावा लागत नाही, एवढे कळले होते.

माझे आजोबा असेच गेले. निजाम स्टेट रेल्वेत खलाशी म्हणून लागले. शेवटी बॉयलरच्या कामावर होते. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर आतून धुवावा लागतो. पाणी कडक असले की आतल्या नळ्यांवर क्षाराची खपली चढते, उष्णता पुढे जात नाही, कोळसा जास्त जळतो आणि दुर्लक्ष झाले तर अपघात होतो. इंजिन पुरते निवलेले नसतानाच माणूस फायरबॉक्समध्ये उतरे, ठोकून, आवाज ऐकून कोणती नळी गेली ते सांगे. गावात ज्याचा स्पर्श पाण्याला चालत नव्हता, त्याच्या हाताखालून गेलेल्या पाण्यावर निजामाची गाडी धावत होती! घाटावरची विहीर बंद आणि बॉयलरची टाकी खुली. असा हा देश.

घरात कागद होते, नाही असे नाही. पेन्शनचा हुकूम होता. ट्रेड टेस्ट पास झाल्याचे एक पत्र होते. आजोबांना काही येत होते असे सांगणारा सबंध आयुष्यातला तो एकच सरकारी कागद. ८ मे ते २७ मे १९७४ हा रेल्वेचा देशव्यापी संप झाला, त्यात ते होते. त्याबद्दल सेवेत खंड धरल्याचे पत्र होते. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर संपकऱ्यांवरच्या कारवाया मागे घेण्यात आल्या, पण पत्र पेटीत राहिले ते राहिलेच. ते नोकरीला लागले तेव्हा मालक निजाम सरकार होते. पुढे १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे झाली. आजोबांची शेड तीच, हातोडा तोच, कागदावरचा शिक्का मात्र बदलत गेला.

पण पडताळणीच्या कामाला यातला एकही कागद आला नाही. पेन्शनचा हुकूम १९५० नंतरचा, आणि त्यात जात नाही. नोकरीचे मूळ सेवापुस्तक मागितले तर ते मुदत संपल्यामुळे नष्ट केल्याचे उत्तर मिळाले. चाळीस वर्षांची नोकरी एका ओळीच्या उत्तरात संपली. जिथे त्यांचे काम लिहिले होते तिथे जात नव्हती, आणि जिथे जात असेल तिथे काम नसणार, असे आम्ही धरून चाललो होतो.

दोन्ही एकत्र सापडले ते धाकट्या चुलत आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये. साल १३४९ फसली. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९३९-४०. (हैदराबादचे फसली वर्ष आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात सुरू होत असे, म्हणून एका फसली सालात दोन इसवी साले येतात. अर्जात एकच साल लिहिल्यामुळे नोंद सापडत नाही असे पुष्कळांचे होते.) रजिस्टर उर्दूत. शाळेत आज उर्दू वाचणारे कोणी नाही. शेवटी एका निवृत्त मुस्लिम गुरुजींना विनंती केली. ते चष्मा पुसत दोन दिवस बसले आणि त्यांनी एकेक ओळ वाचून दाखवली. कौमच्या रकान्यात 'ढेड'. वडील हयात नाहीत. सरपरस्त म्हणजे पालक – थोरला भाऊ. आणि सरपरस्ताचा पेशा : मुलाजमत, रेल्वे.

त्या एका ओळीत आमच्या घराण्याचा सगळा इतिहास आहे. आपली सही करता न येणाऱ्या पंचविशीच्या आतल्या खलाशाने पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून भावाला शाळेत घातले. पुढे त्या भावाची मुले शिकली, आमची शिकली. मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये औरंगाबादला सुरू झाले आणि मराठवाड्यातल्या आपल्या पोरांचे दार उघडले हे आपण अभिमानाने सांगतो, ते सांगितलेच पाहिजे. पण त्या दारापर्यंत जे एस.टी.चे आणि रेल्वेचे भाडे लागले, ते कोणत्या धंद्यातून आले? गवंड्याच्या थापीतून, जिनिंगच्या धुरळ्यातून, रेल्वेच्या हातोड्यातून. ते कोणी लिहून ठेवले?

'ढेड' या शब्दाविषयीही थोडे बोलले पाहिजे. निजामाच्या कागदात महार समाजासाठी हा शब्द सर्रास येतो. कुठे 'महार' येते, कुठे 'आदि हिंदू', कुठे 'पस्त अकवाम' म्हणजे मागास जाती असा गटवाचक शब्द येतो. सख्ख्या भावांच्या नोंदी दोन शाळांत दोन प्रकारे सापडतात. पुढे १९५६ ची धम्मक्रांती झाली आणि आमच्या पुढच्या पिढीपुढे अभिमानाने 'बौद्ध' लागले. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या आदेशात घेतले ते १९९० मध्ये. चौतीस वर्षे! या सगळ्या बदलांचा जाब आज विचारला जातो तो अठरा वर्षांच्या मुलीला. पणजोबा ढेड, आजोबा महार, वडील बौद्ध, मग हे एकच घराणे कशावरून? सरकारनेच चार नावे ठेवायची आणि ती चारही एकाच माणसाची आहेत हे आपण सिद्ध करायचे.

धंद्याचेही तेच. मागे माधुरी पाटील प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची जी पद्धत घालून दिली, तिच्यात दक्षता पथकाने देवदेवता, चालीरीती, लग्न-मर्तिकाच्या पद्धती तपासाव्यात असे आले, आणि प्रत्यक्ष चौकशीत घराण्याचा पारंपरिक धंदाही विचारला जातो. आता ज्यांनी देव टाकले, चालीरीती टाकल्या, धंदा टाकला, त्यांनी काय सांगावे? टाकले हाच तर आमचा इतिहास आहे. मार्च २०२३ मध्ये आदिवासी ठाकूर जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी धरता येणार नाही असे स्पष्ट केले, हे बरे झाले. निकाल अनुसूचित जमातींच्या संदर्भातला आहे, पण त्यामागचे कारण सर्वांना लागू आहे : माणसे स्थलांतर करतात, शिकतात, बदलतात.

याच दप्तरांबाबत सप्टेंबर २०२३ नंतर मराठवाड्यात जे घडले ते आपण सर्वांनी पाहिले. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी महसूल, भूमिअभिलेख, शाळा, पोलीस, तुरुंग, जिथे म्हणून जुना कागद होता तिथली कपाटे उघडली. उर्दू आणि मोडी वाचणारे शोधून आणले. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुख्यमंत्र्यांनी सांगितले की १ कोटी ७२ लाख कागद तपासले आणि ११,५३० नोंदी सापडल्या. पुढे २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटिअरचा शासन निर्णयही आला. आरक्षणाच्या वाटणीचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर ओबीसी बांधव आपली बाजू मांडत आहेत. मला इथे दिसते ते एवढेच की सरकारने मनात आणले तर दोन महिन्यांत पावणेदोन कोटी कागद वाचता येतात. उर्दू वाचणारा मिळत नाही, कागद जीर्ण आहे, कर्मचारी कमी आहेत, ही आपल्या मुलांना वर्षानुवर्षे दिलेली उत्तरे तेव्हा कुठे गेली होती?

आणि जे पान कुणबी नोंदीसाठी उघडले, त्याच पानावर खालच्या ओळीत कोणा महाराची, मांगाची, चांभाराची, वडाराची नोंद नव्हती काय? वाचणाऱ्याचे बोट त्या ओळीवरून गेलेच असेल. एक शब्द शोधायचा हुकूम होता, म्हणून बाकीचे शब्द वाचूनही न वाचल्यासारखे झाले. पान एकदाच उघडायचे होते, तर सगळ्यांच्या ओळी उतरून घ्यायला काय हरकत होती? अजूनही वेळ गेलेली नाही. शोधाची यंत्रणा बसली आहे, पद्धत ठरली आहे, सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकण्याची वाटही पडली आहे. त्याच वाटेने १९५० पूर्वीच्या सर्व नोंदी, गाव आणि नावानुसार, 'पेशा' या रकान्यासह मराठीत उतरवून खुल्या कराव्यात. अर्जदाराने पुरावा आणायचा असेल तर पुरावा ठेवणाऱ्याने तो वाचनीय करून द्यायचा, एवढी साधी मागणी आहे. आमदार-खासदारांच्या निवेदनात ती यायला हवी. आपल्या नेत्यांच्या निवेदनात पुतळा असतो, कमान असते, सभागृह असते, दप्तर नसते.

जगात हे काम झालेले आहे. अमेरिकेत १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची स्वतंत्र यादी होती. तिच्यात मालकाचे नाव असे आणि गुलामाचे फक्त वय, लिंग आणि वर्ण. नावाने सगळे मोजले गेले ते १८७० मध्ये. पण १८६५ मध्ये मुक्त झालेल्या माणसांसाठी फ्रीडमन्स बँक निघाली. १८७४ मध्ये ती बुडाली, गरिबांचे पैसे बुडाले. तिची खातेवही मात्र राहिली. खाते उघडताना लिहून घेत : नाव, आईबाप, भाऊबहीण, कोणाकडे काम करतो, काय काम करतो. लोहार, सुतार, धोबीण, गोदीवरचा हमाल. आज तिथला काळा माणूस आपल्या पणजोबाचा धंदा त्या वहीत शोधतो. गुलामांच्या मुक्तीनंतर नेमलेल्या सरकारी खात्याची, फ्रीडमन्स ब्युरोची लाखो नावेही २०१५-१६ मध्ये हजारो स्वयंसेवकांनी एका वर्षात वाचून, सूची करून लोकांसाठी खुली केली.

इंग्लंडात तर साध्या सुताराच्या पणतूलाही पणजोबा कोणाकडे शिकाऊ होता, कोणत्या गल्लीत राहत होता हे जनगणनेच्या मूळ पानावर वाचता येते. १९२१ ची पाने २०२२ मध्ये खुली झाली. आपल्याकडे निजामाच्या काळातही जनगणना झाल्या, जातीनिहाय धंद्यांचे तक्तेही छापले. पण त्या तक्त्यात माणूस नाही. अमुक जातीतले इतके पारंपरिक धंद्यात, इतके शेतमजुरीत, एवढेच. ज्या चिठ्ठ्यांवर नावे होती त्या आकडे काढून झाल्यावर गेल्या.

कागदात न सापडणाऱ्यांमध्ये सगळ्यात शेवटी उभ्या आहेत आपल्या आज्या. माझी आजी लोको शेडच्या राखेच्या ढिगातून अर्धवट जळालेला कोळसा वेचायची, चाळायची आणि पाटीने विकायची. वस्तीतली बाळंतपणे करायची. हे दोन्ही धंदेच होते. आजोबांच्या संपाच्या दिवसांत पगार बंद झाला तेव्हा घर तिच्या पाटीवर चालले. पण तिच्या नावापुढे सगळ्या कागदांवर एकच शब्द आहे, 'घरकाम'. आजोबांना निदान एक ट्रेड टेस्ट तरी मिळाली. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकासाठी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघरी जाऊन गाठले, त्यांना बोलते केले. ते १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा ज्या बोलल्या त्यातल्या बहुतेक आज नाहीत. कष्टकरी आज्यांसाठी परभणी जिल्ह्यात असे काम करायचे तर हातात आता थोडीच वर्षे आहेत.

सरकार करील तेव्हा करील. आपल्या विहारांत वर्षावासात तीन महिने लोक बसतात. त्यातले दोन रविवार घरोघरीचे कागद पाहण्यासाठी द्यायला काय हरकत आहे? साताऱ्याच्या शाळेने ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालेल्या भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे, १९१४ क्रमांकाच्या नोंदीचे पान जपून ठेवले म्हणून आज तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळता येतो. आपल्या गावच्या शाळेतही असे एक रजिस्टर आहे आणि बहुधा ते खिचडीच्या तांदळाच्या पोत्याखाली आहे.

कोणते कागद पाहायचे, हे अनुभवातून सांगतो. रेल्वेवाल्यांच्या घरी पेन्शनचा हुकूम, पी.एफ.ची चिठ्ठी, पासचे अर्धुक, क्वार्टरचा ताबा, युनियनची पावती, पतपेढीचे पासबुक. खेड्यात खासरा पाहणी, कोतवाल बुक आणि इनाम जमिनीचे कागद. गायरान कसणाऱ्यांकडे अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या. ज्यांना त्या काळी शिक्षा म्हणून मिळाल्या त्या आज कष्टाचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात. काही दप्तर हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आहे, काही औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर). माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याचा आणि त्यावरून टिपणे घेण्याचा हक्क आहे. 'नकल मिळेल, रजिस्टर दाखवता येत नाही' असे कोणी म्हणाले तर तो मागावा. जाताना उर्दू जाणणारा सोबत न्यावा आणि त्याला त्याच्या श्रमाचे पैसे द्यावेत. आणि शाळेकडे उताऱ्याचा अर्ज करताना 'पालकाचे नाव व पेशा या रकान्यांसह संपूर्ण ओळीची नकल' असे स्पष्ट लिहावे. छापील नमुन्यात फक्त नाव, जात आणि जन्मतारीख असते. पेशाचा रकाना मागितल्याशिवाय कोणी उतरवून देत नाही.